चांदणी लावलेला शब्द

चौगुले मॅडमचा ज्या शब्दावर सगळ्यात जास्त जीव होता, तो शब्द आज जिवंत असलेल्या कुणाच्याही कानावर पडलेला नाही. तो कुठल्या पोथीत नाही, कुठल्या दगडावर कोरलेला नाही. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात कुठंतरी बैल जुंपणारी माणसं तो बोलत असावीत, आणि त्यांनी तो लिहून ठेवलेला नाही. तरीही मॅडम त्या शब्दाबद्दल बोलायला लागल्या की एखादी बाई माहेरच्या माणसाबद्दल बोलतेय असं वाटायचं.

राजारामपुरीत एका मिसळीच्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आमचा भाषांचा क्लास होता. मी इंग्रजी शिकवायचो, मॅडम जर्मन. क्लासचे मालक मगदूम सर. जर्मनीला नोकरीला जायचं म्हणून नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय केलेली मुलं मॅडमकडं यायची. सकाळी खालच्या कढईत फोडणी पडली की वर सगळा वर्ग खोकायला लागायचा. मॅडम म्हणायच्या, "खोका, खोका. जर्मन 'ख' घशातनं असाच यायला पायजे. दुसऱ्या क्लासात ही सोय न्हाय."

साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगावर इरकली साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि तरी 'माझा चष्मा बघितला का कुणी?' हे रोजचं. माहेर गडमुडशिंगीचं, शेतकऱ्याचं. पुण्यात संस्कृत शिकायला म्हणून गेल्या आणि तिथं जर्मनच्या नादाला लागल्या. त्या जर्मनीला कधीच गेल्या नव्हत्या. कुणी पालकानं तसं विचारलंच तर खणखणीत आवाजात सांगायच्या, "न्हाय गेले. डॉक्टर काय स्वतः बाळंत होऊन मग शिकतो व्हय?" समोरचा पालक पुरुष असेल तर तो खाली बघायचा.

त्यांचा आवाज हा क्लासचा फलक होता. जर्मनमध्ये नामाच्या आधी लिंगाप्रमाणं डेर, डी किंवा डास लावतात. नपुंसकलिंगाला डास. पहिल्या दिवशी 'डास' म्हटलं की वर्ग हसायचाच. मॅडम हसू द्यायच्या आणि मग सांगायच्या, "हसून घ्या. एकदा चावला की आयुष्यभर लक्षात राहतो." त्यांचं हे घोकून घेणं जिन्यावरून खाली जायचं, आणि हॉटेलातला वेटर भटारखान्याकडं तोंड करून "डास मिसळ, डास पाव!" असं ओरडायचा.

त्यात आमच्या कोल्हापूरच्या मुली. त्या 'मी आलो', 'मी गेलतो' असं बिनदिक्कत म्हणणाऱ्या. मॅडम कपाळाला हात लावायच्या. "स्वतःचं लिंग सांभाळता येईना आणि टेबलाचं कुठलं सांभाळताय?" असं म्हणून स्वतःच पुढं म्हणायच्या, "चला, मी येतो आता, उशीर झाला."

मला त्या 'धाकटं घर' म्हणायच्या. म्हणजे मला नव्हे, इंग्रजीला. स्टाफरूम म्हणून आमच्याकडं जिन्याखालची एक खोली होती, तिथं शिरताना विचारायच्या, "काय सर, काय म्हणतंय तुमचं धाकटं घर?" भाषा त्यांच्या लेखी सगळी भावकी होती. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश ही एकाच वाड्यातली विभक्त झालेली चुलत भावंडं. आणि ज्या थोरल्या घरातून ती बाहेर पडली, ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. नातवंडांच्या तोंडांवरून, कधीच गेलेल्या आजोबाचा चेहरा काढायचा, हा मॅडमचा छंद. पोर्शनमध्ये तो नव्हता. परीक्षेत तर नव्हताच.

एकदा माझा तास संपल्यावर मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मुलांना पुढं बोलावून ओळीत उभं केलं होतं. त्यात राजश्री नावाची एक मुलगी होती. पन्हाळ्याकडची, हुशार, पण बोलायला लाजणारी. ती झाली होती जर्मन. तिचा शब्द 'योख'. शेजारचा मुलगा इंग्रजी, त्याचा शब्द 'योक'. त्याच्या पलीकडं डच 'युक', आणि टोकाला स्वीडिश, त्याचा नुसताच 'ओक'. अर्थ सगळ्यांचा एकच. बैलांच्या मानेवर ठेवायचं लाकूड.

"आता सांगा," मॅडम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यांच्या आजोबाचं नाव काय असंल? सुरुवातीला य होता का नव्हता?"

"होता, मॅडम. तिघांकडं आहे."

"मतदान हाय व्हय हे? तिघांनी मागनं चिकटवला नसंल कशावरून?"

मग मॅडमनी फळ्यावर आणखी शब्द लिहिले. इंग्रजीत वर्षाला यिअर, जर्मनमध्ये यार, स्वीडिशमध्ये ऑर. इंग्रजीत तरुणाला यंग, जर्मनमध्ये युंग, स्वीडिशमध्ये उंग. टोकाचा स्वीडिश झालेला मुलगा ओरडला, "मॅडम, आमच्या घरात सगळेच य खातात!"

"शाब्बास! एकानं खाल्ला तर योगायोग. घरातल्या सगळ्यांनी खाल्ला तर ती घरची रीत. आता शेवटी क होता का ख?"

राजश्री हळूच म्हणाली, "क असणार. इंग्रजी बुक, आमच्यात बूख. मेक, आमच्यात माखेन. आम्हीच बदललोय." ती 'आम्ही' म्हणाली ते मला फार आवडलं.

असं करत करत आजोबा घडत गेले. य आला, उ आला, क आला. शेवटी मॅडम म्हणाल्या की ह्या शब्दाच्या टोकाला नाकातला एक हुंकार होता, तो ह्या सगळ्या नातवंडांनी हरवला. मग कळलं कसं? तर लांबच्या भावकीला विचारून. संस्कृतात त्याच लाकडाला युगम्. लॅटिनमध्ये युगुम. तिथं ग आहे. थोरल्या जर्मन घरानं अशा सगळ्याच ग चा क केला. आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'युकं'. डोक्यावर एक चांदणी काढली.

"मॅडम, हे तर आपल्या गावाकडचंच वाटतंय," कुणीतरी म्हणालं. "मडकं, टाळकं, युकं!"

सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे आपलं जू!"

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्या ह्याच शब्दाची वाट बघत होत्या हे मला नंतर कळलं. मुलांनी आपणहून म्हणेपर्यंत त्या तो कधीच सांगत नसत. "व्हय," त्या म्हणाल्या, "जू. आपण य चा ज केला आणि ग गिळून बसलो. पण बघा, ते जू, ते युगम्, ते युकं, डास योख. गाव सुटलं, बोलणं बदललं, पण नपुंसकलिंग कुणी सोडलं न्हाय."

मी चांदणीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सर, जो शब्द लिहिलेला सापडला न्हाय, फक्त हिशोबानं काढलाय, त्याच्या डोक्यावर चांदणी लावायची. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, ह्याला कुणी बघितलेलं न्हाय."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तोंडावळ्यावर जाऊ नका." इंग्रजीतला डे आणि आपला दिवस हे एकच, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो होतो. मॅडमनी ते ऐकलं आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाल्या, "दिसायला जुळी, पण काही नातं न्हाय. तुमच्या डे चं मूळ जळण्यातलं, दाहातलं असंल असं म्हणतात. दिवस वेगळ्या घरचा." मला ते पटेना. त्यांनी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पटवलं. माझा डबा तसाच राहिला.

शिरोलीच्या एका फौंड्रीत जर्मन पाहुणा यायचा होता, तेव्हा दुभाषी म्हणून मॅडमना बोलावलं. मोटारीसारख्या यंत्रात लागणारे लोखंडी भाग तिथं ओतले जायचे. मॅडमनी मला सोबत नेलं. पाहुण्याचं आडनाव वेबर. उंच, लालबुंद आणि भलताच नाराज. माल उशिरा पोचत होता म्हणून ऑर्डर काढून घ्यायची भाषा होती. सकाळभर मालक माफी मागत होते आणि वेबरसाहेब घड्याळ बघत होते. मॅडम इमानदारीनं इकडचं तिकडं करत होत्या. एकाही कडू शब्दाला त्यांनी साखर लावली नाही.

मग ओतकामाच्या खात्यात गेलो. तिथं एक कामगार एका जोडाच्या भागाकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यो योक." इंग्रजी नकाशातला शब्द, पण त्याच्या तोंडी अगदी घरचा झालेला. मॅडम थबकल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं आणि मी मनात म्हटलं, गेलं आता कामकाज.

त्यांनी वेबरसाहेबांना विचारलं, "तुमचे आजोबा शेती करत होते का?"

साहेब गोंधळले. "हो. बव्हेरियात. का?"

"बैलाच्या मानेवरच्या लाकडाला घरात काय म्हणायचे? पुस्तकातलं नको. घरातलं सांगा."

साहेबांनी शब्द सांगितला. मॅडमनी परत सांगायला लावला. परत. बाईंना ऐकायला कमी येतं असं समजून चौथ्यांदा ते ओरडले, तर भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. मॅडम कामगाराला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना जू म्हणून सांगा." तो म्हणाला, "जू!" साहेब म्हणाले, "योख!" तो परत म्हणाला, "जू!" काहीही न कळता दोघं हसायला लागले.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना गडमुडशिंगीला भावाच्या घरी जेवायला नेलं. तांबड्या रश्श्यानं साहेबांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. गोठ्यात जुनं जू भिंतीला टेकवलेलं होतं. साहेबांनी ते उचललं, स्वतःच्या मानेवर ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला फौंड्रीच्या मालकांना बोलावलं. मालक बिचारे सुटाबुटात जाऊन उभे राहिले. मॅडमचा भाऊ त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला पावणं, एक चक्कर मारून या की!"

ऑर्डर टिकली. फौंड्रीचे मालक पुढं कितीतरी दिवस सांगत होते की मॅडमच्या एका शब्दानं काम केलं. मॅडम लगेच तोडायच्या. "काही न्हाय. पुढचा माल ह्यांनी वेळेत पाठवला म्हणून ऑर्डर टिकली. शब्दानं फक्त जेवण गोड लागलं."

हा तोडण्याचा स्वभाव एकदा त्यांना महागात पडला.

क्लासच्या वर्धापनदिनाला मगदूम सरांनी मोठा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे होते भाऊसाहेब. भागातलं वजनदार माणूस, बोलायला मोकळं. स्टेशन रोडला त्यांची नवी इमारत उभी राहत होती. तिच्यातला एक मोठा हॉल क्लासला जर्मन केंद्रासाठी द्यायचा, आणि केंद्र मॅडमनी चालवायचं, असं ठरत आलं होतं. मॅडम तो हॉल बघून आल्या होत्या. कपाट कुठं, खिडकीशी कोणता बाक, हे मला कागदावर रेघा ओढून दाखवत होत्या. एवढ्या हरखलेल्या मी त्यांना क्वचितच बघितलं होतं.

सत्कार झाला. शाल आली, नारळ आला. भाऊसाहेब माइकवर गेले. फौंड्रीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, वाटेत तिला पाय फुटले होते. ते म्हणाले, "आपल्या चौगुले मॅडमनी साहेबाला तोंडावर सिद्ध करून दाखवलं, की जर्मन भाषा आपल्या संस्कृतातनं निघाली! संस्कृत ही जर्मनची आई! आपण त्यांना शब्द दिले, म्हणून ते बोलायला लागले!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. भाऊसाहेबांनी तिथंच हॉलची घोषणा केली. पुन्हा टाळ्या.

मॅडम उत्तराला उठल्या. मी पहिल्या रांगेत होतो. नुसते आभार माना, असं मी डोळ्यांनी सांगत होतो. मगदूम सर तर हात जोडूनच उभे होते.

"भाऊसाहेब आत्ता जे बोलले," मॅडम म्हणाल्या, "ते प्रेमानं बोलले. पण ते चुकीचं हाय. मी असलं काही सिद्ध केलेलं न्हाय. संस्कृत ही जर्मनची आई न्हाय. मावशी हाय, तीसुद्धा जरा लांबची. जर्मनच्या आईची आणि संस्कृतची आजी एकच होती, ती कधीच गेली. मी खोट्या नात्यावर शाल घेतली तर उद्या ह्या पोरींना काय शिकवू?"

आणि त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र पिशवीत टाकला. "नारळाचं काही चुकलेलं न्हाय," असं म्हणाल्या, पण त्यावर कुणी हसलं नाही.

घरी जाताना मी म्हटलं, "मॅडम, एक वाक्य सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी नारळाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "सर, युकं ह्या शब्दासाठी किती लोकांनी किती पिढ्या डोकं घासलंय. सगळ्या साक्षी मिळाल्या, तरी ते लोक त्याच्यावर चांदणी लावतात. आम्ही बघितलेलं न्हाय, एवढं कबूल करून बोलतात. आणि आपण एका टाळीसाठी ठोकून द्यायचं?" मग हळूच म्हणाल्या, "हॉल चांगला होता हो."

हॉल गेला. मगदूम सर कामापुरतं बोलायला लागले. गावात भलतंच पसरलं की ही बाई संस्कृतच्या विरोधात आहे. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारी, स्तोत्रं तोंडपाठ असलेली बाई! काही पालकांनी मुलं काढून घेतली. वर्ग निम्म्यावर आला. एका सकाळी मी वर गेलो तर त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि खालून वेटर 'डास मिसळ' ओरडला तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांचा आवाज बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मला वाटलं होतं, लोकांना खरं नातं जास्त आवडंल," त्या म्हणाल्या.

राजश्रीनं मात्र क्लास सोडला नाही. तिनं राहिलेल्या मुलींना धरून ठेवलं. मॅडमचं मन कशात रमतं हे तिला ठाऊक होतं. ती रोज आजीकडून, शेजाऱ्यांकडून एक जुना शब्द पकडून आणायची आणि तास सुरू व्हायच्या आधी विचारायची, "मॅडम, ह्याचं तिकडं कोण हाय का?" बऱ्याच वेळा कुणीच नसायचं. पण नाही म्हणता म्हणता मॅडमचा आवाज परत चढायला लागला.

पावसाळा सरता सरता एक दिवस खाली मोठी गाडी थांबली. भाऊसाहेब एकटेच जिना चढून वर आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मगदूम सर धावत आले. भाऊसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं, मागच्या बाकावर कसेबसे बसले आणि मॅडमना म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला चारचौघांत खाली बसवलं. राग आलता, खोटं कशाला बोलू? पण ते मावशीचं डोक्यातनं जाईना. आई न्हाय आणि मावशी, म्हणजे कसं? जरा समजावून सांगा."

मॅडमनी विचारलं, "भाऊसाहेब, तुमचा पुतण्या अगदी तुमच्यासारखा दिसतो म्हणे."

"व्हय. लोक फसतात."

"मग उद्या तो म्हणाला, मी ह्यांचाच मुलगा, तर?"

"वाटणीला येईल की हो!" भाऊसाहेब दचकून म्हणाले, आणि सगळा वर्ग फुटला. ते स्वतःही पोट धरून हसले. पुढचा तास ते तिथंच होते. मॅडमनी मुलांना ओळीत उभं केलं, भाऊसाहेबांना संस्कृत केलं आणि जरा बाजूला उभं केलं. निघताना ते म्हणाले, "हॉल आता जिमवाल्यांना देऊन बसलोय. शब्द गेला तोंडातनं."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "इथं फोडणी मिळते."

पुढं महिन्याभरानं एका शाळेच्या कार्यक्रमात मी श्रोत्यांत होतो, शेजारी मॅडम. भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले आणि त्याच दणक्यात म्हणाले, "लक्षात ठेवा, संस्कृत ही जर्मनची आई न्हाय! मावशी हाय, सख्खी नव्हं, लांबची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम माझ्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की हॉल, शाल, सगळं त्यात फिटलं असावं.

"बघा सर," त्या म्हणाल्या, "टाळ्या तेवढ्याच पडल्या."

राजश्री परीक्षा पास झाली आणि जर्मनीला गेली. तिकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यातून तिचा फोन यायचा. एकदा स्पीकरवर टाकून मॅडमनी मला ऐकवला. "मॅडम, इथं मी सगळ्यांना विचारलो," राजश्री म्हणत होती, आणि त्या 'विचारलो'वर मॅडमनी कपाळाला हात लावला. "योख म्हटलं की तरुण लोकं डोंगरातली खिंड सांगतात. बैल कुणी बघितलेलाच न्हाय. ट्रॅक्टर हाय सगळ्यांकडं."

"आमच्या मुडशिंगीतबी तेच हाय बाळ," मॅडम म्हणाल्या. "जेवलीस का?"

मागच्या हिवाळ्यात गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला आणि मॅडमनी धारवाडला लेकीकडं राहायला जायचं ठरवलं. मी बस स्टँडवर पोचवायला गेलो. सामान थोडं होतं, एक शब्दकोशांची पेटी सोडली तर. ती चढवताना कंडक्टर कानडीतून काहीतरी पुटपुटला. मॅडमनी मला विचारलं, "काय म्हणाला?" मला कुठली कानडी? त्यांनाही फारशी येत नव्हती.

"आता ह्या वयात नवीन भाषा, मॅडम," मी म्हटलं. "आणि ही तर तुमच्या भावकीतलीसुद्धा नाही."

"न्हायच मुळी. शेजारीण हाय." त्या खिडकीत बसता बसता म्हणाल्या. "पण सर, शेजारणीकडनं आपण काय काय उसनं आणलंय, ते कधी बघितलंय का? अक्का तिची, अण्णा तिचा. भावकीच्या नादात माझं आयुष्य गेलं, शेजारी बघायचा राहिला."

पुढच्या जागेवर कपाळभर कुंकू लावलेली एक कानडी म्हातारी येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी भाजी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीखाली उभा राहून हात हलवला, मोठ्यानं "या परत!" म्हणालो. मॅडमचं लक्ष नव्हतं. त्या पुढं वाकून म्हातारीच्या पिशवीतल्या भाजीकडं बोट दाखवत होत्या. म्हातारीनं नाव सांगितलं. मॅडमनी ते म्हणून बघितलं. म्हातारीनं जोरजोरात मान हलवली, असं न्हवं, आणि स्वतःच्या ओठांना बोट लावून परत सांगितलं. बस वळणावर गेली तेव्हा मॅडम चष्मा शोधत होत्या आणि म्हातारी त्यांच्या गळ्यातल्या दोरीकडं बोट दाखवून हसत होती.